२७२३६ आणि अण्णांचा खुबा

अण्णा पडले तेव्हा मला झोप लागून जेमतेम अडीच तास झाले होते. सकाळचे सात. फोनवर त्यांच्या फिरायच्या कंपूतले काका. "तलावपाळीला ये. अण्णा घसरलेत. उभं राहता येत नाहीये." नौपाड्यातून रिक्षाने पोचले तर अण्णा मासुंदा तलावाच्या कठड्याला टेकून बसलेले, उजवा पाय विचित्र बाहेर वळलेला, आणि चेहरा असा की बसची वाट बघताहेत. "चप्पल निसटली," एवढंच म्हणाले. ती चप्पल कुणीतरी उचलून दुसरीच्या शेजारी नीट लावून ठेवली होती.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "खुब्याच्या हाडाची मान मोडलीय. बायपोलर, म्हणजे कृत्रिम गोळा, बसवावा लागेल." आई मटकन खाली बसली. आणि माझ्या डोक्यात, खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी एक आकडा आला. २७२३६.

गेली चौदा वर्षं मी ऐरोलीत रात्रपाळी करते. अमेरिकेतल्या डॉक्टरांची बिलं तिथल्या विमा कंपन्यांकडून वसूल करून देणं, हे आमचं काम. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून संध्याकाळी वाशीची गाडी पकडायची आणि पहाटे कंपनीच्या कॅबने विटाव्याच्या पुलाखालून, कळवा ओलांडून घरी यायचं. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं पुढे सरकतात तेव्हा आमची पाळी तासभर लवकर सुरू होते, नोव्हेंबरात परत पूर्ववत. ऐरोलीत ऋतू दोनच, असं आमच्यात म्हणतात.

तर २७२३६ हा तिथला शस्त्रक्रियेचा कोड. मांडीच्या हाडाची मोडलेली मान उघडून बसवणं किंवा तिथं कृत्रिम गोळा घालणं. निदानाचा कोड वेगळा, एस७२.००१ए, उजवीकडची मान, पहिलाच उपचार. कसा पडला त्याचा डब्ल्यू०१ने सुरू होणारा, कुठे पडला त्याचाही वेगळा. सार्वजनिक उद्यानात पडल्यास वाय९२.८३०. तलावपाळीला त्यातल्या त्यात तोच लागला असता. २७२३६ हा आकडा मी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही, पण तो आकडा म्हणजे बाहेर वळलेला पाय आणि शेजारी जोडीने ठेवलेली चप्पल, हे मला त्या सकाळी कळलं.

माझा टेबल 'सेकंडरी'चा. म्हणजे माणसाला दोन विमे असले की पहिल्याने आपला वाटा दिल्यावर उरलेलं दुसऱ्याकडून काढायचं. तिथं पासष्टी ओलांडलेल्या बहुतेकांना सरकारचा मेडिकेअर असतो. हा १९६५ च्या कायद्याने आला. डॉक्टरांच्या बिलाचा त्याचा नियम ढोबळ मानाने असा: वर्षाची ठरलेली रक्कम रुग्णाने आधी स्वतः भरायची, मग मंजूर दराच्या ८० टक्के मेडिकेअर देणार. राहिलेल्या २० टक्क्यांसाठी लोक दुसरा, पुरवणी विमा घेतात.

समजा डॉक्टरने ४०० डॉलरचं बिल लावलं. मेडिकेअर म्हणतो, या कामाचा आमचा दर २००. तो १६० देतो. चारशे आणि दोनशेतला फरक डॉक्टरने सोडून द्यायचा, तो रुग्णाकडे मागायचाच नाही. हिशेबात तो 'सीओ-४५' म्हणून पडतो. उरले ४०, ते 'पीआर-२'. पीआर म्हणजे रुग्णाची जबाबदारी. हे ४० डॉलर दुसऱ्या विम्याकडे जातात, आणि सगळं सुरळीत असेल तर आपोआप जातात. मेडिकेअरच पहिल्या हिशेबाची प्रत परस्पर पुढे ढकलतो. याला आम्ही 'क्रॉसओव्हर' म्हणतो. आजीबाईंना घरी पत्र येतं, त्यावर ठळक छापलेलं असतं, 'हे बिल नाही'. मला ते वाक्य फार आवडतं. अण्णांच्या इस्पितळात रोज संध्याकाळी खोलीत जो कागद सरकवायचे, त्यावर असं काही छापलेलं नव्हतं.

सगळं सुरळीत नसेल तेव्हा माझं पोट भरतं. पहिला कोण आणि दुसरा कोण, यावरच निम्मी भांडणं. अमेरिकेत हे रुग्णाने ठरवायचं नसतं, नियम ठरवतो. पासष्टीनंतरही नोकरी चालू आहे आणि कंपनीत वीस किंवा जास्त माणसं आहेत? मग कंपनीचा विमा पहिला, मेडिकेअर दुसरा. वीसहून कमी? उलटं. मूल आईबाप दोघांच्याही विम्यात आहे? ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा विमा पहिला. जन्मसाल बघायचं नाही, फक्त महिना आणि तारीख. हा नियम मी एकदा घरी सांगितला होता. आईचा वाढदिवस जानेवारीत, अण्णांचा ऑगस्टात. आईने पोळी लाटता लाटता मान वर न करता विचारलं, "म्हणजे अमेरिकेत असतो तर मी पहिली?" अण्णांनी पेपर जरा जास्तच उंच धरला.

आणि क्रम चुकला तर 'सीओ-२२' येतो, हे बिल दुसऱ्या कुणीतरी द्यायचं असावं, असा त्याचा अर्थ. पहिला म्हणतो मी दुसरा, दुसरा म्हणतो मीही दुसराच, आणि शस्त्रक्रिया झालेला माणूस फोनवर पाऊण तास वाट बघण्याचं संगीत ऐकतो. तिथलं सगळं झकपक आहे असा समज नको.

इथं ठाण्यात, भरतीच्या दिवशी विमा-डेस्कवरच्या मुलीने विचारलं, "ताई, पॉलिसी कुठली लावू?" आणि चौदा वर्षांची सेकंडरीवाली बाई गप्प उभी राहिली.

अण्णांना दोन विमे. एक माझ्या कंपनीचा गट विमा, त्यात आईवडिलांना मिळून ३ लाख, खोलीला दिवसाला ५,००० पर्यंत आणि मंजूर रकमेतले २० टक्के आपण भरायचे. दुसरा अण्णांचा स्वतःचा. आपल्याकडे मेडिक्लेम नावाची गोष्ट १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी आणली. अण्णांनी १९९४ मध्ये वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात असताना एका ओळखीच्या एजंटाकडून घेतली. तेव्हा ५० हजारांची होती, वाढत वाढत २ लाखांवर येऊन थांबली, कारण त्यापुढचा हप्ता त्यांना झेपेना. तीत खोलीचं भाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला २,०००. दोन हजारात ठाण्यात आता खाट मिळते, खोली नाही. आम्ही घेतली ती खोली ४,५०० ची, कारण आईला रात्री तिथं आडवं व्हायला जागा हवी होती.

आपल्याकडे पहिला-दुसरा ठरवणारा वाढदिवसाचा नियम वगैरे नाही. दोन पॉलिसी असल्या तर आधी कुठली वापरायची हे विमेदार ठरवतो. विमा नियामकाचा नियमच तसा आहे. एका पॉलिसीने नाकारलेली रक्कम दुसरीकडे मागायचाही हक्क आहे, पहिलीची रक्कम संपलेली नसली तरी. हक्क छान आहे. फक्त तो आहे हे डेस्कवर कुणी सांगत नाही, आणि तुम्ही तिथं उभे असता तेव्हा वर तुमच्या माणसाला वेदनाशामक इंजेक्शन द्यायचं की नाही यावर नर्स तुमची वाट बघत असते.

मी पार्किंगच्या पावतीमागे हिशेब मांडला. अण्णांची पॉलिसी पहिली लावली तर तिचे दोन लाख इथंच संपणार, आणि वर्षाचे आठ महिने बाकी. त्यात भाड्याची भानगड. खोली मर्यादेबाहेरची घेतली की नुसता भाड्यातला फरक कापत नाहीत. सर्जन, भूल, शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांच्या फेऱ्या, सगळ्याला तीच कात्री लागते. दोन हजाराला साडेचार हजार, म्हणजे रुपयातले चव्वेचाळीस पैसे मान्य. कंपनीच्या पॉलिसीत खोली बसत होती. "कंपनीची आधी," मी म्हणाले. मुलीने मान डोलावली आणि वर बघून विचारलं, "दुसरीचं तुम्ही तुमचं बघाल ना?"

बघते म्हटलं. त्याच रात्री, इस्पितळाच्या कॉरिडॉरमधल्या स्टीलच्या बाकावर बसून, अण्णांच्या कंपनीला ईमेल टाकला की अशी अशी भरती झाली आहे, पहिला दावा दुसरीकडे लावला आहे, उरलेल्यासाठी तुमच्याकडे येणार आहोत. हे मात्र धंद्याचं शहाणपण. मुदतीत न कळवल्याबद्दल नाकारलेली बिलं आमच्याकडे ढिगाने येतात, त्यांचाही कोड आहे, आणि त्यावर रडून काही उपयोग नसतो.

शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी अण्णा वॉकर धरून दारापर्यंत गेले आणि परत आले. सहाव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. सकाळी अकराला डॉक्टरांनी सही केली. इस्पितळाने अंतिम बिल पाठवल्यावर तीन तासांत मंजुरी आली पाहिजे, आणि त्यापुढे उशीर झाल्यास इस्पितळ जे जादा लावेल ते विमा कंपनीने भरावं, असं नियामकाने २०२४ च्या परिपत्रकात लिहिलंय. मी ते फोनमध्ये उघडूनच बसले होते. पण बिल पाठवलंय का, हेच एकपर्यंत कुणी सांगेना. फार्मसीचे परतीचे औषध-हिशेब व्हायचे होते म्हणे. अण्णा घरचा सदरा घालून, चपला पायात अडकवून, सामानाच्या पिशव्यांमध्ये बसलेले. साडेपाचला निघालो.

बिल ३,६०,०००. त्यातले १४,००० मुळातच बाद, कारण ते 'नॉन-मेडिकल'. विम्यात सहसा न बसणाऱ्या वस्तूंची अधिकृत यादी आहे, ६८ नगांची. ती बाळाच्या खाण्यापासून सुरू होते आणि तिसऱ्याच क्रमांकावर सौंदर्यसेवा येतात. अण्णांच्या वाट्याला डायपर, क्रेप बँडेज आणि वॉकर. खुबा बदलून दिला पण चालायची काठी ही चैन, असा त्याचा सरळ अर्थ होतो, आणि तो मला अजून पटलेला नाही. राहिले ३,४६,०००. त्यातले वीस टक्के, म्हणजे ६९,२००, माझ्या कार्डावरून गेले. आमच्या भाषेत पीआर. आता हे सेकंडरीकडे.

अमेरिकेत इथून पुढे एक संगणक दुसऱ्या संगणकाशी बोलतो. ठाण्यात मी बोलले.

दुसऱ्या कंपनीला मूळ कागद हवे होते. मूळ कागद पहिल्या कंपनीकडे गेलेले. मग प्रत्येक पानावर इस्पितळाचा शिक्का असलेल्या खऱ्या प्रती, पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर, डिस्चार्ज कार्ड, बिलाची फोड, दावा-अर्जाचा 'ब' भाग इस्पितळाच्या सहीने, रद्द केलेला चेक. सेटलमेंट लेटरमध्ये त्यांनी किती दिले हे असतं. का कापलं, हे नीट असेलच असं नाही. माझ्यात '२० टक्के सहभाग' असं लिहून आलं तेव्हा मी ते पत्र दोनदा वाचलं आणि देवापुढे ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं.

सगळं जमवून पाठवलं, तर उलट पत्र आलं: इम्प्लांटचा स्टिकर नाही.

इम्प्लांटच्या खोक्यावर एक चिकटपट्टी असते, अंगठ्याएवढी. तिच्यावर गोळ्याचा आकार, लॉट नंबर, बारकोड. शस्त्रक्रियागृहात ती सोलून केसपेपरावर चिकटवतात. ती आपल्याला कुणी दाखवत नाही, आणि आपण मागत नाही. मी रेकॉर्ड विभागात गेले, तळघरात. तिथल्या मामांनी अण्णांचा केसपेपर काढला, पानं उलटली. सत्तेचाळीसाव्या पानावर भूलतज्ज्ञाच्या तक्त्याखाली ती चिकटपट्टी होती, एक कोपरा उचकटलेला, त्यावर आयोडीनचा पिवळट डाग. 'बायपोलर', मग मिलिमीटरमध्ये आकार. माझे वडील सध्या ज्याच्यावर चालतात त्याचं हे जन्मप्रमाणपत्र. मामांनी झेरॉक्स काढून शिक्का मारला आणि म्हणाले, "मॅडम, हा कागद सांभाळा. पुढे एमआरआय करायचा झाला तर विचारतात." चौदा वर्षांत हे मला अमेरिकेनेही सांगितलं नव्हतं.

आमच्या मजल्यावर कागद-पेन न्यायला बंदी आहे. मोबाइल बाहेरच्या लॉकरमध्ये. रुग्णाच्या माहितीचा अमेरिकेचा १९९६ चा कायदा आहे, त्याची ही शिस्त. ज्यांची बिलं आम्ही बघतो त्यांचं नाव पडद्यावर दिसतं आणि पडद्यावरच राहतं. आणि दिवसा मी ठाण्यात रिक्षातून पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये माझ्या बापाचं हिमोग्लोबिन सगळ्या गावाला दाखवत हिंडत होते.

पाच आठवड्यांनी अण्णांच्या खात्यात ३०,७५६ जमा झाले. मी तोंडी हिशेब केला. ६९,२०० गुणिले दोन भागिले साडेचार. म्हणजे त्यांनी उरलेल्या रकमेला सरसकट भाड्याची कात्री लावली होती.

इथं मात्र माझ्यातली सेकंडरीवाली जागी झाली. ही कात्री सगळ्याला लावता येत नाही. औषधं आणि वापराच्या वस्तू, इम्प्लांट, तपासण्या यांना ती लागू नाही. नियामकाने 'संलग्न वैद्यकीय खर्च' याची व्याख्या करताना या बाबी वगळल्या आहेत. आणि वाजवीच आहे. माणूस जनरल वॉर्डात झोपला काय नि एसी खोलीत, धातूचा गोळा त्याच किमतीचा. आमच्या बिलात इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या मिळून १,९०,००० होते, बाकीचे १,५६,००० कात्रीतले. त्याच प्रमाणात ६९,२०० ची फोड केली तर ३८,००० पूर्ण मिळायला हवेत, आणि ३१,२०० वर कात्री चालवून १३,८६७. एकूण ५१,८६७.

हे मी ईमेलमध्ये लिहिलं. चार ओळींचा तक्ता, पॉलिसीतल्या व्याख्येचा परिच्छेद, आणि शेवटी एक वाक्य, की तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाऊ. लोकपालांचं कार्यालय आता ठाण्यातच आहे, जीवन चिंतामणी इमारतीत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकतात, फी नाही, वकील लागत नाही. त्या वाक्यामुळे काम झालं की तक्त्यामुळे, देव जाणे. माझ्या शेजारी बसणारा घणसोलीचा पोरगा म्हणतो, तक्त्यामुळे. तो अजून तरुण आहे.

अठराव्या दिवशी फोन वाजला. अण्णांच्या खात्यात २१,१११ जमा. आकडा बघून आईला वाटलं कुणाकडून तरी आहेर आलाय.

शेवटी आमच्या पदराचे गेले ३१,३३३, चौदा हजार नॉन-मेडिकलचे धरून. साडेतीन लाखांच्या वरच्या बिलात हे काही वाईट नाही, असं मला सगळे सांगतात आणि मीही मान डोलावते. पण हिशेबात न धरलेलं बरंच आहे. माझ्या चार रजा, तळघराच्या तीन फेऱ्या. आणि ज्यांच्या घरात दोन पॉलिसी आहेत पण रात्रपाळीवाली मुलगी नाही, त्यांचे एकवीस हजार एकशे अकरा कुठल्या कंपनीच्या कुठल्या खात्यात पडून असतात, हे मला झोपताना अधूनमधून आठवतं. मग वाटतं, ती विमा-डेस्कवरची मुलगी रोज अशा तीस लोकांना तेच विचारत असेल. दुसरीचं तुम्ही तुमचं बघाल ना?

परवा अण्णांच्या पॉलिसीचा हप्ता आला. मी म्हटलं, चालू ठेवायची. माझी नोकरी सुटली की गट विमा त्याच दिवशी गेला. अण्णांनी पावती चष्म्याजवळ धरली. "जीएसटी लावायचा विसरले वाटतं." विसरले नाहीत, व्यक्तिगत आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, असं सांगितल्यावर त्यांनी पावतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख घातली आणि ती १९९४ पासूनच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात, सगळ्यात वर ठेवली.

मग वॉकर टेकत कपाटाशी गेले. आता तिथं दोन फायली आहेत. त्यांनी दोन्हींवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावून आकडे घातले होते. स्वतःच्या जुन्या पॉलिसीवर '१', माझ्या कंपनीच्या पॉलिसीवर '२'.

"अण्णा, उलटं झालंय," मी म्हटलं. "कंपनीची पहिली, तुमची दुसरी."

"ते बिलात," अण्णा म्हणाले, आणि कपाट लावून घेतलं.